टेबलाशेजारी मंगळ

अशी कल्पना करा की तुम्हाला एक गाडी चालवावयाची आहे. गाडीला सहा चाके आहेत. वजन सुमारे नऊशे किलोग्रॅम. वेग मात्र बैलगाडीपेक्षाही कमी. सपाट आणि टणक जमिनीवरसुद्धा ती सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर पुढे सरकते. एवढी संथ गाडी चालवणे म्हणजे पोरखेळ, असे तुम्ही म्हणाल. पण यात एक मेख आहे. गाडी उभी आहे मंगळावर आणि तुम्ही बसला आहात पृथ्वीवर!

मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा तो सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर अंतरावर असतो, आणि अगदी दूर जातो तेव्हा सुमारे चाळीस कोटी किलोमीटरवर. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाने धावतात. आता भागाकार करून पाहा. मंगळाचा निरोप आपल्याला मिळण्यास कमीत कमी तीन मिनिटे आणि जास्तीत जास्त बावीस मिनिटे लागतात. आपले उत्तर तिकडे पोहोचावयास पुन्हा तेवढाच वेळ. "पुढे खड्डा आहे" हे चित्र तुम्हाला दिसून तुम्ही "थांब" म्हणेपर्यंत आणि ते गाडीच्या कानी पडेपर्यंत सहा ते चव्वेचाळीस मिनिटे निघून गेलेली असतात. तोवर गाडीचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

म्हणून ही गाडी हातात चाक धरून चालवता येत नाही. ती आधी विचार करून चालवावी लागते. 'क्युरिऑसिटी' हे मंगळावरील फिरते यान घ्या. ते ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल नावाच्या १५४ किलोमीटर व्यासाच्या विवरात उतरले. दिवसभराचे काम आटोपले की ते आजूबाजूची छायाचित्रे घेते आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानांमार्फत ती पृथ्वीकडे पाठवते. अमेरिकेत पॅसाडेना येथील जेट प्रपल्शन लॅबोरेटरी या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आणि अभियंते ती चित्रे पाहतात. कोणत्या खडकाकडे जावयाचे, कोणत्या दगडाला वळसा घालावयाचा, हात कुठे टेकवावयाचा, हे सारे ते ठरवतात. मग आज्ञांची एक लांबलचक यादी तयार होते. ती तपासली जाते आणि मंगळावर सकाळ होण्याच्या सुमारास यानाकडे पाठवली जाते. नंतर दिवसभर यान एकटे असते.

तेव्हा सारी भिस्त कशावर? तर छायाचित्रे पाहून तिथल्या जमिनीची खरी कल्पना येण्यावर. आणि इथेच अडचण आहे. छायाचित्र सपाट असते, मंगळ सपाट नाही. चित्रातला तो काळसर दगड टेबलाएवढा आहे की चेंडूएवढा? तो पाच मीटरवर आहे की पन्नास? समोरची उतरण सौम्य आहे की यान कलंडेल एवढी उभी? अवकाश मोहिमांची आखणी करणाऱ्यांना गेली अनेक वर्षे हा प्रश्न छळतो आहे. त्यावर त्यांनी काढलेल्या युक्त्यांची ही गोष्ट आहे. तिच्यातले पुष्कळसे पदार्थविज्ञान तुम्ही शाळेत शिकलेले आहे.

दोन डोळ्यांचे गणित

प्रथम एक सोपा प्रयोग करा. हात समोर ताठ धरून अंगठा उभा करा. डावा डोळा मिटून अंगठ्याकडे पाहा. मग उजवा मिटून डाव्याने पाहा. अंगठा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतो असे दिसेल. अंगठा तर जागचा हललेला नाही. मग उडी कोणी मारली? तुमच्या पाहण्याच्या जागेने. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला थोडे वेगळे चित्र दिसते. जवळच्या वस्तूची उडी मोठी, दूरच्या वस्तूची लहान. मेंदू या उडीवरून अंतर ओळखतो, आणि तेही आपल्याला न विचारता.

या उडीचा उपयोग करून तुम्ही मैदानापलीकडच्या इमारतीचे अंतरसुद्धा काढू शकता. अंगठा डोळ्यांपासून साधारण पासष्ट सेंटिमीटरवर असतो, म्हणजे दोन डोळ्यांतील अंतराच्या दहापट. समरूप त्रिकोण आठवा. अंगठ्याने दूरच्या इमारतीवर जेवढी उडी मारली, त्याच्या दहापट ती इमारत दूर आहे. उडी तीन एस.टी. गाड्यांच्या लांबीएवढी, म्हणजे सुमारे तीस मीटर वाटली, तर इमारत सुमारे तीनशे मीटरवर आहे.

क्युरिऑसिटीच्या मानेवर असलेले वाट पाहणारे कॅमेरे हेच करतात. ते जोडीने बसवलेले आहेत आणि त्या दोघांत सुमारे बेचाळीस सेंटिमीटर अंतर आहे. जणू दूर-दूर डोळे असलेला राक्षसच! डोळे जितके दूर, तितकी उडी मोठी, आणि अंतर तितके अधिक अचूक कळते. दहा मीटरवरचा एखादा दगड या जोडीच्या दोन चित्रांत सुमारे पन्नास चित्रकणांनी सरकलेला दिसतो. एका चित्रकणाची चूक झाली, तर अंतरात पन्नासात एक, म्हणजे वीस सेंटिमीटरची चूक होईल. हे चालण्यासारखे आहे. पण तोच दगड शंभर मीटरवर असेल तर उडी उरते फक्त पाच चित्रकणांची. आता एका चित्रकणाची चूक म्हणजे पाचात एक, म्हणजे चक्क वीस मीटर! अंतर दहापट झाले, पण चूक शंभरपट वाढली. चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे लक्षात ठेवा. यान एका दमात फार दूरची वाट का ठरवत नाही, याचे एक कारण या साध्या गणितात आहे.

रंगीत चष्म्याची करामत

दोन कॅमेऱ्यांनी दोन चित्रे घेतली. ती माणसाला दाखवायची कशी? डाव्या कॅमेऱ्याचे चित्र फक्त डाव्या डोळ्याला आणि उजव्याचे फक्त उजव्याला दिसले पाहिजे. मग उरलेले काम मेंदू आपण होऊन करतो.

१९९७ च्या जुलैमध्ये 'सोजर्नर' हे साडेदहा किलोग्रॅम वजनाचे छोटे यान मंगळावर उतरले. त्याचा पृथ्वीवरचा चालक एक खास चष्मा लावून संगणकासमोर बसत असे. पडद्यावर डावे आणि उजवे चित्र आळीपाळीने फार झपाट्याने उमटे, आणि चष्म्याची काच त्याच तालात एकेक डोळा झाकत असे. चालकाला मंगळाची जमीन उंचसखल दिसे. पुढच्या यानांच्या चालकांनीही ही पद्धत चालू ठेवली.

२०२० च्या मार्च महिन्यात मात्र पंचाईत झाली. करोनाच्या साथीमुळे क्युरिऑसिटीच्या साऱ्या चमूला घरी बसून काम करणे भाग पडले. ते झपाट्याने उघडमीट करणारे चष्मे चालवण्यासाठी लागणारे जबरदस्त संगणक घरी नेता येण्यासारखे नव्हते. मग या लोकांनी काय केले असेल? त्यांनी लाल-निळ्या काचांचे साधे चष्मे वापरले! तेच ते, पुठ्ठ्याच्या चौकटीत रंगीत कागद लावलेले, लहान मुलांच्या पुस्तकांबरोबर मिळणारे. डावे चित्र लाल रंगात, उजवे निळसर रंगात, दोन्ही एकावर एक छापलेली. लाल काचेतून एकच चित्र दिसते, निळसर काचेतून दुसरे. कोट्यवधी किलोमीटरवरचे यान चालवण्यास पुठ्ठ्याचा चष्मा उपयोगी पडला.

आपल्याकडेही हे घडले आहे. चांद्रयान-३ हे यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले आणि त्यातून सव्वीस किलोग्रॅमचे 'प्रज्ञान' हे फिरते यान बाहेर आले. २७ ऑगस्ट रोजी प्रज्ञानला समोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा एक खड्डा दिसला. त्याला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली आणि ते सुखरूप दुसऱ्या वाटेला लागले. प्रज्ञानवरही वाट पाहणारे दोन कॅमेरे होते. त्यांच्या चित्रांपासून इस्रोने लाल-निळ्या चष्म्यातून पाहावयाचे एक चित्र तयार करून त्याच वर्षी ५ सप्टेंबरला प्रसिद्ध केले. लाल आणि निळसर जिलेटिन कागदाचा चष्मा घरी करा. लाल कागद डाव्या डोळ्यापुढे येऊ द्या आणि ते चित्र पाहा. चंद्राची माती पडद्यातून वर उठून येईल.

काचेतले भूत

चष्म्याने खोली दिसू लागली, तरी एक उणीव राहतेच. तुम्ही खिडकीतून बाहेर डोकावल्यासारखे मंगळाकडे पाहत असता. मान वळवली की समोर प्रयोगशाळेची भिंत. भूगर्भशास्त्रज्ञ सह्याद्रीत फिरतो तेव्हा काय करतो? तो खडकाभोवती चक्कर मारतो, वाकतो, खाली बसतो, मागे वळून आपण कोठून आलो ते पाहतो. खडकांचे थर कोणत्या बाजूला कललेले आहेत हे त्याला चालता चालता उमगते. असे मंगळावर 'चालता' आले तर?

यासाठी जे तंत्र वापरले गेले, त्याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात. मराठीत आपण त्याला 'वर्धित वास्तव' म्हणू. वर्धित म्हणजे वाढवलेले, भर घातलेले. समोरची खरी खोली दिसतेच, पण तिच्यात नसलेल्या वस्तूही जागच्या जागी उभ्या असल्यासारख्या दिसतात. याचे मूळ समजून घेण्यासाठी आणखी एक प्रयोग करा. वडीलधाऱ्या माणसाला जवळ बसवूनच तो करावा.

एक स्वच्छ काच टेबलावर उभी करा. काचेच्या अलीकडे वीस सेंटिमीटरवर पेटती मेणबत्ती ठेवा आणि तिच्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा असा करा की मेणबत्ती काचेला दिसेल, पण तुम्हाला सरळ दिसणार नाही. काचेच्या पलीकडे, नेमक्या समोर, तितक्याच म्हणजे वीस सेंटिमीटर अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवा. खोलीत अंधार करून काचेतून पाहा. मेणबत्ती पाण्यात बुडालेली असून जळते आहे! प्रतिमा आरशामागे वस्तूइतक्याच अंतरावर असते, हा नियम तुम्ही पाठ केला आहे. साधी काच अर्धवट आरशाचे काम करते. पलीकडचा पेला तिच्यातून आरपार दिसतो आणि अलीकडची ज्योत तिच्यावरून परावर्तित होऊन दिसते. १८६२ साली लंडनमध्ये जॉन पेपर याने याच युक्तीने रंगमंचावर भूत आणून प्रेक्षकांची भंबेरी उडवली होती.

आता ही काच डोळ्यांसमोर चष्म्यासारखी धरा आणि मेणबत्तीच्या जागी संगणकाने काढलेले चित्र ठेवा. वर्धित वास्तवाचा चष्मा झाला! असे पहिले साधन अमेरिकन शास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये बनवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. त्यातून दिसत काय असे, तर हवेत तरंगणारी रेषांची चौकट. 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हे नाव मात्र १९९० च्या सुमाराचे. बोइंग या विमाने बनवणाऱ्या कंपनीत टॉम कॉडेल हे काम करीत होते. विमानातील तारांची जुडगी बांधणाऱ्या कामगाराला, कोणती तार कुठून न्यायची हे फळ्यावरच उमटलेले दिसावे, यासाठी त्यांचा खटाटोप होता.

शास्त्रज्ञ मंगळावर फिरू लागले

२०१५ च्या जानेवारीत जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांनी 'ऑनसाइट' नावाची संगणकप्रणाली जाहीर केली. ऑनसाइट म्हणजे प्रत्यक्ष जागेवर. क्युरिऑसिटीच्या जोडचित्रांवरून मंगळाच्या जमिनीचे उंचसखल प्रतिरूप तयार करावयाचे आणि ते 'होलोलेन्स' नावाच्या चष्म्यातून पूर्ण आकारात दाखवावयाचे, अशी ही योजना होती. यानाच्या कॅमेऱ्यांना जो भाग दिसला नाही, तिथे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने वरून घेतलेली ढोबळ चित्रे जोडलेली होती.

शास्त्रज्ञ चष्मा लावून आपल्या खोलीत चार पावले चालला, की तो मंगळावरही चार पावले चालत असे. तो वाकून दगडाखाली पाहू शके, मागे वळून यानाच्या चाकांच्या खुणा पाहू शके. निरनिराळ्या गावांतील शास्त्रज्ञ एकाच वेळी 'मंगळावर' भेटत. प्रत्येकाची मानवाकृती इतरांना दिसे, आणि कोण कुठे पाहतो आहे हे दाखवणारा किरणही दिसे. "तो डावीकडचा दगड, नाही, त्याच्या मागचा" असली बोलाचाली त्यामुळे वाचली. पडद्यावर चित्रे पाहून अंदाज करणाऱ्यांपेक्षा चष्मा लावून पाहणाऱ्यांचे अंतराचे आणि दिशेचे अंदाज अधिक बरोबर येतात, असे या गटाला चाचण्यांत आढळले. २०१८ मध्ये ऑनसाइटला नासाचा त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट संगणकप्रणालीचा पुरस्कार मिळाला.

पण आता तुम्ही एक प्रश्न विचारावयास हवा. एवढे अवघड तंत्र रोजच्या कामात माणसे वापरतात तरी का? नवे यंत्र कपाटात पडून राहण्याची उदाहरणे तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही सापडतील. यंत्र वापरण्यास सोपे नसेल, तर त्याची हुशारी वाया जाते. म्हणून वर्धित वास्तवाची साधने बनवणाऱ्यांना पदार्थविज्ञानाइतकाच माणसाचाही अभ्यास करावा लागला.

यंत्राने माणसाची सोय पाहावी

पहिली गोष्ट डोळे आणि तोल यांची. तुम्ही मान सेकंदाला पन्नास अंश या वेगाने वळवली, आणि चष्म्यातले चित्र हलावयास सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, असे समजा. तेवढ्यात मान पाच अंश वळलेली असते. दोन मीटरवर ठेवलेला काल्पनिक दगड त्यामुळे आपल्या जागेवरून सुमारे सतरा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर सरकलेला दिसेल. मग दगड जमिनीवर आहे असे वाटणार नाही, तो पोहतो आहे असे वाटेल. शिवाय मळमळेल ते वेगळेच. घाटात एस.टी. वळणे घेत असताना पुस्तक वाचले की पोटात ढवळते ना? डोळे म्हणतात "स्थिर आहे", कानातील तोलाचे इंद्रिय म्हणते "हलते आहे". इथेही तेच भांडण. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत खाली आणला, तर तीच चूक साडेतीन सेंटिमीटरवर येते. त्याहून कमी केली तर आणखी उत्तम. यासाठी चष्म्यात खोलीचा वेध घेणारे कॅमेरे आणि मानेचे वळणे मोजणारे संवेदक बसवलेले असतात.

दुसरी गोष्ट हातांची. हवेत बोटांची चिमूट करून आज्ञा देणे पाहावयास मोठे गमतीचे वाटते. पण हात समोर उचलून दहा मिनिटे धरून पाहा. खांदे भरून येतील. ऑनसाइटच्या रचनाकारांनी म्हणून एक शहाणपणा केला. शास्त्रज्ञाचे टेबल, संगणक आणि माउस ही सवयीची साधने त्यांनी काढून घेतली नाहीत. चष्म्यातून पाहताना टेबल असेल तेवढ्या जागेत मंगळ उमटत नसे, खरे टेबलच दिसे. माउसने पडद्यावरचा बाण सरकवत नेला की तो पडद्याच्या कडेवरून उडी मारून सरळ मंगळाच्या जमिनीवर उतरे! नवे शिकावे लागले ते अगदी थोडे. चांगल्या साधनाची ही एक खूण समजा.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. मेणबत्तीचा प्रयोग दिवसा, उघड्या खिडकीशी करा. ज्योत फिकी पडेल, कदाचित दिसणारही नाही. अर्धपारदर्शक काच खऱ्या दृश्यात फक्त प्रकाशाची भर घालू शकते, वजाबाकी करू शकत नाही. म्हणून असा चष्मा काळा रंग दाखवूच शकत नाही. जिथे काळे हवे तिथे मागची भिंत दिसते. काळ्या अक्षरांची सूचना तयार केली तर ती अदृश्यच होईल! अक्षरे उजळ हवीत, मोठी हवीत आणि थोडी हवीत. शिवाय पहिल्या होलोलेन्समध्ये चित्र दिसण्याचा भाग सुमारे तीस अंशच रुंद होता. आपल्या दोन डोळ्यांचा आवाका जवळजवळ अर्धवर्तुळाएवढा असतो. एवढ्याशा चौकटीत दहा सूचना कोंबल्या, तर मंगळ झाकला जाईल.

चौथी गोष्ट वजनाची. तो चष्मा ५७९ ग्रॅमचा होता. अर्धा किलो साखर डोक्यावर बांधून तुम्ही किती तास अभ्यास कराल?

आणि पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती आहे प्रामाणिकपणाची. दगडामागचा जो भाग कॅमेऱ्याला दिसलाच नाही, तिथे संगणकाने सुंदर वाळू रंगवून ठेवली, तर पाहणाऱ्याला ती खरीच वाटेल, आणि यान तिथे पाठवले जाईल. माहिती कुठे पक्की आहे, कुठे ढोबळ आहे आणि कुठे मुळीच नाही, हे पाहताक्षणी कळले पाहिजे. दृश्य जितके खरे भासते, तितकी ही जबाबदारी वाढते.

अंतराळस्थानकात चष्मा

हेच तंत्र अंतराळवीरांनाही उपयोगी पडेल का, हे पाहण्यासाठी नासाने 'साइडकिक' नावाची योजना आखली. साइडकिक म्हणजे जोडीदार. २८ जून २०१५ रोजी हे चष्मे घेऊन निघालेले अग्निबाण उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटले आणि चष्मेही गेले. डिसेंबरमध्ये दुसरे चष्मे पाठवण्यात आले. २०१६ च्या फेब्रुवारीत स्कॉट केली या अंतराळवीराने आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात ते वापरून पाहिले.

इथे एक मजेची अडचण आहे. चष्म्यातले संवेदक 'खाली' कोणती दिशा हे गुरुत्वाकर्षणावरून ओळखतात. अंतराळस्थानकात सारेच तरंगत असते. तिथे 'खाली' म्हणजे कुठे? म्हणून चष्मा आधी क्षणभर वजनरहित अवस्था निर्माण करणाऱ्या विमानात नेऊन तपासण्यात आला होता.

साइडकिकचे दोन प्रकार होते. पहिल्यात पृथ्वीवरचा तज्ज्ञ अंतराळवीराला जे दिसते तेच पाहतो आणि हवा तो खटका रेषेने वेढून दाखवतो. दुसऱ्यात तज्ज्ञ नसतोच. कामाच्या पायऱ्या आधीच तयार केलेल्या असतात आणि त्या त्या यंत्रावर एकेक करून उमटतात. पहिला प्रकार अधिक चांगला वाटतो, नाही का? पण लेखाच्या आरंभीचा भागाकार आठवा. माणूस उद्या मंगळावर गेला, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर येण्यास चव्वेचाळीस मिनिटेसुद्धा लागतील. तिथे उपयोगी पडेल तो दुसरा प्रकार. तज्ज्ञाला आपले सारे शहाणपण आधीच, समजेल अशा रीतीने, त्या पायऱ्यांत भरून ठेवावे लागेल.

यान बांधण्याच्या कामातही वर्धित वास्तव शिरले आहे. अभियंते अजून न बनलेल्या यानाचे पूर्ण आकाराचे प्रतिरूप जमिनीवर उभे करतात आणि त्याच्याभोवती फिरतात. एखाद्या खिळ्यापर्यंत हत्यार धरलेला हात पोहोचेल का, हे पत्रा कापण्यापूर्वीच समजते. कागदावरच्या नकाशात न दिसलेली अडचण अशा वेळी चटकन डोळ्यांत भरते.

डोळ्यांना जे दिसत नाही

हे सारे वाचून तुम्हाला वाटेल, की आता यान कुठे अडकण्याचे कारण उरले नाही. पण 'स्पिरिट' या यानाची कथा ऐका. ते २००४ च्या जानेवारीत मंगळावर उतरले. नव्वद मंगळदिवसांसाठी बनवलेले हे यान पाच वर्षांहून अधिक काळ फिरले. त्याच्याकडेही जोडकॅमेरे होते, चालकांकडे चष्मे होते, कामाचा दीर्घ अनुभव होता. २००९ मध्ये ते एका साध्यासुध्या दिसणाऱ्या जमिनीवरून जात असताना वरचा कडक पापुद्रा फुटला आणि चाके खालच्या भुसभुशीत मातीत रुतली. पृथ्वीवर वाळूचा हौद करून, त्यात जुळे यान रुतवून, सुटकेचे मार्ग महिनोन् महिने शोधण्यात आले. यान सुटले नाही. हिवाळ्यात सूर्याकडे नीट कलता न आल्यामुळे त्याला वीज अपुरी पडली, आणि २२ मार्च २०१० नंतर त्याचा आवाज पृथ्वीवर कोणी ऐकला नाही.

जोडचित्रे जमिनीचा आकार सांगतात, तिच्या पोटात काय आहे ते सांगत नाहीत. क्युरिऑसिटीच्या बाबतीतही असा धडा मिळाला. त्याच्या ॲल्युमिनियमच्या चाकांचा पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा आहे. २०१३ मध्ये टोकदार दगडांनी त्याला भोके पडू लागली. दगड चित्रांत दिसत होते, पण ते जमिनीत किती घट्ट रोवलेले आहेत हे दिसत नव्हते. सैल दगड चाकाखाली सरकतो, रोवलेला दगड पत्र्यात घुसतो. त्यानंतर वाट निवडताना कमी टोकदार दगडांची जमीन शोधली जाऊ लागली. म्हणूनच चष्म्याने माणसाला मंगळावर नेले, तरी मातीची परीक्षा, आधीचा अनुभव आणि शंका घेण्याची सवय ही तीन साधने बरोबर न्यावीच लागतात.

साधने बदलत राहतात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये होलोलेन्स बनवणे थांबवले. त्यांच्या जागी दुसरे चष्मे आले आहेत आणि आणखी येतील. पण दोन डोळ्यांचा त्रिकोण तोच राहणार आहे. काचेतील प्रतिमेचा नियम तोच, प्रकाशाचा वेग तोच, आणि थकणारा, चुकणारा, मळमळणारा माणूसही तोच.

नासाने अलीकडच्या वर्षांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'सूट्स' नावाचे एक आव्हान ठेवले. अंतराळवीराच्या शिरस्त्राणात काय दिसावे, कोठे दिसावे, किती दिसावे, याची रचना विद्यार्थ्यांनी करावयाची आणि ती ह्यूस्टनच्या अवकाशकेंद्रात प्रत्यक्ष तपासून पाहावयाची. हे काम तुम्ही आजच सुरू करू शकता. त्यासाठी चष्मा लागत नाही. पुठ्ठ्याची एक चौकट घ्या, तीवर पारदर्शक कागद लावा. कागदावर पाच सूचना लिहा आणि ती डोळ्यांपुढे धरून मित्राला वर्गात ठेवलेली वस्तू शोधावयास सांगा. मग सूचना तीन करा. मग एकच. अक्षरे कोपऱ्यात लिहा, मध्यभागी लिहा, रंग बदला. प्रत्येक वेळी किती सेकंद लागले आणि किती वेळा तो बाकावर आपटला, याची वहीत नोंद करा. चार-पाच मित्रांवर हा प्रयोग करून झाला की वही उघडून बसा. माणसाला सोयीचे साधन कसे असावे, हे ती नोंदच तुम्हाला सांगू लागेल.